एलपीएस प्रवाळांची टाकी : आधी काय, नंतर काय

हॅमर किंवा टॉर्च (दोन्ही प्रवाळांची नावं) आणला, पहिला आठवडा झकास फुलला, मग रोज थोडा थोडा आखडत गेला, कडेपासून मांस सुटलं आणि महिनाभरात पांढरा सांगाडा हातात आला. नव्याने समुद्री टाकी लावणाऱ्यांची ही नेहमीची तक्रार. अशा वेळी बहुतेक जण दिव्याला दोष देतात आणि आणखी महागडा दिवा घेतात. खरी गोष्ट बहुधा वेगळी असते: प्रवाळ टाकीत फार लवकर गेलेलं असतं आणि पाण्याची अल्कलिनिटी (आम्ल शोषून घेण्याची क्षमता) रोज वरखाली होत असते. म्हणून या लेखात कामांच्या क्रमावर भर आहे. टप्पे वर-खाली करू नका, आणि एका टप्प्याची तपासणी जमली नसेल तर पुढचा सुरू करू नका.

टप्पा १ : काय ठेवायचं ते आधी ठरवा

एलपीएस म्हणजे मोठ्या पॉलिपचे दगडी प्रवाळ. खाली चुनखडीचा सांगाडा, वर फुगणारे मांसल पॉलिप, म्हणजे तोंड आणि शुंडक असलेले एकेक जीव. सुरुवातीला कँडी केन, डंकन, ब्लास्टोमुसा, फांद्यांचा हॅमर आणि फ्रॉगस्पॉन यांतूनच निवडा. टॉर्च त्यानंतर. गोनिओपोरा आणि एलिगन्स निदान पहिलं वर्षभर नकोच. सन कोरल दिसायला सुंदर, पण त्याच्या शरीरात प्रकाशावर जगणारं शेवाळ नसतं. प्रत्येक तोंडाला हाताने भरवावं लागतं आणि त्या खाण्याने नवी टाकी घाण होते.

हॅमर घेताना फांद्यांचाच घ्या, भिंतीसारखा सलग नको. फांद्यांच्या जातीत मोठ्या झालेल्या प्रत्येक डोक्याचं मांस वेगळं असतं. एक डोकं सडलं तर ते कापून बाकीची वाचवता येतात. सलग जातीत सड एका टोकाला लागली की दुसऱ्या टोकापर्यंत पोचते.

टाकी १५० ते २५० लिटरची, उंची ४५ ते ५० सेंटिमीटर. त्याहून लहान टाकीत पाण्याचे आकडे फार झपाट्याने हलतात, आणि त्याहून उंच टाकीत हात तळाला पोचत नाही. माशांची यादीही आत्ताच करा. बटरफ्लायफिश आणि मोठे एंजलफिश मांसल प्रवाळ टोचून खातात. क्लाउनफिश हॅमरमध्ये घर करतो, ते बघायला छान वाटतं, पण लहान फ्रॅग (वाढवण्यासाठी कापलेला प्रवाळाचा तुकडा) त्या घुसळणीने दिवसभर मिटलेला राहतो.

सावध : सगळे दगडी प्रवाळ साइट्स (दुर्मीळ जीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या) कराराच्या परिशिष्ट २ मध्ये आहेत. आपल्या देशाचा कायदा आधी वाचा, मगच घ्या, आणि घ्यायचं तर टाकीत वाढवलेलं, कागदपत्रं असलेलं. समुद्रातून उचललेलं नको.

टप्पा २ : जागा, वजन, वीज

२०० लिटर समुद्री पाण्याचंच वजन २०५ किलोच्या आसपास. काच, खडक, वाळू, स्टँड आणि खालचा सम्प (उपकरणांसाठीची दुसरी टाकी) धरला की ३०० किलोच्या पुढे जातं. थेट ऊन येणारी जागा नको. स्टँड पाणसळ लावून दोन्ही दिशांनी सपाट करा. नंतर भरलेल्या टाकीखाली पाचर सारायचा विचारही करू नका.

प्रत्येक वायरीला प्लगच्या खाली झोळ द्या, म्हणजे ओघळणारं पाणी सॉकेटमध्ये न शिरता झोळातून खाली पडेल. सगळी उपकरणं आरसीसीबी (विजेची गळती होताच लाइन तोडणारा स्विच) असलेल्या लाइनवरच चालवा. खारं पाणी वीज उत्तम वाहतं आणि तुमचा हात त्यात रोज जाणार आहे.

मग टाकी साध्या पाण्याने भरा आणि २४ ते ४८ तास गळती बघा. याच वेळी रिटर्न पंप, म्हणजे सम्पमधलं पाणी वर नेणारा पंप, चालवून बंद करा. वरच्या टाकीतलं पाणी पाइपातून उलटं खाली येईल आणि ठरावीक पातळीला थांबेल.

तपासा : पंप बंद केल्यावर खाली येणारं सगळं पाणी सम्पमध्ये मावतं का? मावत नसेल तर सम्पमधली नेहमीची पातळी कमी ठेवा, किंवा रिटर्न पाइपाचं तोंड पृष्ठभागाजवळ आणा. नॉन-रिटर्न व्हॉल्व्हच्या भरवशावर राहू नका. त्यात एक गोगलगाय अडकली तरी तो उघडाच राहतो. वीज गेल्यावर फरशीवर पाणी येण्याचं हे नेहमीचं कारण.

टप्पा ३ : उपकरणं

स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र), दोन वेव्हमेकर (टाकीत प्रवाह करणारे पंप), ऑटो टॉप-ऑफ (उडालेलं पाणी आपोआप भरणारं साधन), मंद करता येणारा एलईडी दिवा आणि हीटर. हीटर एक मोठा घेण्यापेक्षा दोन लहान घ्या आणि वेगळ्या तापमान कंट्रोलरवर लावा. हीटरचा आतला थर्मोस्टॅट बिघडला की कित्येकदा तो चालू अवस्थेतच अडकतो. एकच मोठा हीटर असेल तर तो एका रात्रीत टाकी शिजवतो. हवा गरम असेल तर पृष्ठभागावर पंखा किंवा चिलर लागेल. पंख्याने पाणी वाफ होऊन जास्त उडतं, तेवढा टॉप-ऑफचा साठा वाढवा.

पैसे कमी पडत असतील तर दिव्यात वाचवा, मोजणीच्या साधनांत नको. एलपीएसला मध्यमच प्रकाश लागतो. पण अल्कलिनिटी, कॅल्शियम, मॅग्नेशियम, नायट्रेट आणि कमी पातळीचा फॉस्फेट मोजणारे चांगले किट आणि खारटपणा मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर नसेल तर पुढचा सगळा लेख फुकट आहे.

टप्पा ४ : पाणी

सर्वांत जास्त चुका इथे होतात, आणि त्या दोन-तीन महिन्यांनी दिसतात.

*गोडं पाणी.* आरओ-डीआयचं (पडद्यातून आणि मग क्षार शोषणाऱ्या रेझिनमधून काढलेलं), टीडीएस (विरघळलेले क्षार) शून्य. पिण्याच्या पाण्याचा घरगुती आरओ चालत नाही. त्यात डीआय रेझिन नसतं आणि चवीसाठी क्षार परत मिसळलेले असतात. नळाच्या पाण्यातून फॉस्फेट, सिलिकेट आणि कधी कधी तांबंही येतं. तांबं प्रवाळांना आणि कोळंब्यांना थोड्या प्रमाणातही घातक ठरतं. यंत्र सुरू केल्यावर पहिल्या काही मिनिटांचं पाणी टाकून द्या, त्याचा टीडीएस नेहमी जास्त असतो. शिवाय टीडीएस मीटरला क्लोरीन दिसत नाही, म्हणून कार्बन फिल्टर वेळेवर बदला.

*मीठ मिसळणं.* आधी पाणी, मग मीठ. पिंपात पंप फिरत असताना मीठ थोडं थोडं सोडा. मिठावर पाणी ओतलं की तिथल्या तिथे घट्ट द्रावण होतं, कॅल्शियम आणि कार्बोनेट एकत्र येऊन पांढरा गाळ बसतो, आणि तो परत विरघळत नाही. दर लिटरला साधारण ३६ ते ३८ ग्रॅम मीठ लागतं, पण वजनावर विश्वास न ठेवता खारटपणा मोजा. पाणी २५ अंशांवर, खारटपणा ३५ पीपीटी (हजार भागांत ३५ भाग क्षार), म्हणजे घनता सुमारे १.०२६.

रिफ्रॅक्टोमीटर शुद्ध पाण्यावर शून्याला लावणं ही सर्रास होणारी चूक. शून्याला बरोबर असलेलं साधन ३५ला चुकलेलं असू शकतं. ३५ पीपीटीचं तयार द्रावण मिळतं, त्यावर जुळवा.

*कोणतं मीठ?* काही रीफ मिठांची अल्कलिनिटी ११-१२ डीकेएच (अल्कलिनिटीचं एकक) असते. भराभर वाढणाऱ्या प्रवाळांच्या गच्च टाकीत ते खपून जातं. तुम्ही टाकी ८.५ वर ठेवणार आणि दर आठवड्याला १२चं पाणी ओतणार, तर पाणी बदलण्यानेच दर आठवड्याला झटका बसेल. ८ ते ९च्या दरम्यान असलेलं मीठ निवडा आणि नव्या पाकिटाचं पाणी एकदा मोजून बघा.

तपासा : मिसळलेलं पाणी स्वच्छ आहे, खारटपणा ३५, अल्कलिनिटी, कॅल्शियम आणि मॅग्नेशियम वहीत लिहिलं. आता टाकीत.

टप्पा ५ : खडक आणि वाळू

दर दहा लिटरला साधारण एक किलो खडक. सच्छिद्र आणि हलका असेल तर त्याहून कमी पुरतो. खडक थेट काचेवर बसवा, मग भोवती वाळू घाला. वाळूवर ठेवलेला खडक एखादा मासा बिळ करू लागला की कलतो. रचना टाकीबाहेर कोरडी करून बघा, इपॉक्सीने जोडा, हाताने हलवून बघा.

भिंतीसारखी रचना नको. एलपीएसला सपाट कट्टे हवेत, मध्ये मोकळी जागा हवी आणि मागून पाणी फिरायला वाट हवी. पुढचा वाळूचा पट्टा रिकामा सोडा. ट्रॅकीफायलिया आणि लोबोफायलिया वाळूवरच बसतात. वाळू एक ते दोन मिलिमीटर दाण्याची, तीन-चार सेंटिमीटर थर. पिठासारखी बारीक वाळू प्रवाहात उडते आणि त्यांच्या मांसावर बसून जखमा करते.

सावध : जिवंत किंवा आधी टाकीत असलेला खडक कधीही उकळू नका. त्यावर झोअँथिड (बटणांसारखे मऊ पॉलिप) असतील तर वाफेतून पॅलिटॉक्सिन हे जहाल विष हवेत येतं. त्याने घरातली माणसं इस्पितळात पोचल्याच्या नोंदी आहेत.

टप्पा ६ : सायकल आणि मग वाट बघणं

सायकल म्हणजे विषारी अमोनिया पचवणारे बॅक्टेरिया टाकीत वाढवणं. दिवे बंद. अमोनियम क्लोराइडने अमोनिया २ पीपीएमपर्यंत (दहा लाख भागांत दोन भाग) न्या, बाटलीतले बॅक्टेरिया घाला आणि बाटलीवर लिहिलं असेल तेवढे दिवस स्किमर बंद ठेवा. अमोनियाचा नायट्राइट होतो, नायट्राइटचा नायट्रेट. साधारण दोन ते सहा आठवडे.

तपासा : पुन्हा २ पीपीएम अमोनिया घाला. २४ तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य झाले तर सायकल पूर्ण. नायट्राइट शिल्लक असताना नायट्रेटचा किट खोटा, फुगलेला आकडा दाखवतो. तो बघून घाबरू नका.

सायकल संपली म्हणजे टाकी प्रवाळांसाठी तयार झाली, हा समज सर्वांत जास्त प्रवाळं मारतो. सायकलने फक्त अमोनियाचा प्रश्न सुटतो. आता मोठा पाणीबदल करा, दिवे कमी तासांवर सुरू करा, थोड्या गोगलगायी सोडा आणि वेगळ्या टाकीत विलगीकरण झालेले एक-दोन मासे आणा. थोड्याच दिवसांत खडकावर आणि वाळूवर तपकिरी डायटम येतील, मग हिरवं शेवाळ. टाकी कुरूप दिसेल. दिसू द्या.

या काळात लोक शेवाळाला वैतागून फॉस्फेट शोषणारं माध्यम भरतात आणि नायट्रेट-फॉस्फेट दोन्ही शून्यावर नेतात. मग डायनोफ्लॅजेलेट्स येतात, बुडबुडे धरलेला तपकिरी शेंबूड, आणि त्यापुढे साधं शेवाळ परवडलं असं वाटतं. एलपीएसला तसंही पाण्यात थोडं पोषण लागतं. नायट्रेट ५ ते १५ पीपीएम आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ पीपीएम इथेच ठेवा.

पहिल्या प्रवाळापर्यंत पाणी भरल्यापासून दोन-तीन महिने जाऊ द्या. खडकावर जांभळट-गुलाबी कोरलाइन शेवाळाचे ठिपके दिसू लागले की टाकी तयार होते आहे असं धरा. कॅलेंडरपेक्षा मी त्या ठिपक्यांवर जास्त विसंबतो.

टप्पा ७ : अल्कलिनिटी स्थिर करा

हवे असलेले आकडे असे:

- तापमान २४.५ ते २६.५ अंश
- खारटपणा ३५ पीपीटी
- अल्कलिनिटी ८ ते ९.५ डीकेएच
- कॅल्शियम ४०० ते ४५० पीपीएम
- मॅग्नेशियम १२८० ते १४०० पीपीएम

अल्कलिनिटी ८ असो की ९, प्रवाळाला फारसा फरक पडत नाही. सोमवारी ८, बुधवारी ९.५ आणि शनिवारी पुन्हा ७.८ असली की पडतो. एक आकडा निवडा आणि तोच धरून ठेवा.

आधी टाकी रोज किती अल्कलिनिटी खाते ते काढा. तीन दिवस काहीही न घालता, एकाच वेळेला मोजा. समजा ८.६ वरून तीन दिवसांत ८.० झाली. म्हणजे रोज ०.२ डीकेएच. १०० लिटर पाण्याची अल्कलिनिटी १ डीकेएचने वाढवायला सुमारे ३ ग्रॅम खाण्याचा सोडा लागतो. तुमच्या टाकीत खडक वजा जाता १८० लिटर पाणी असेल, तर रोज साधारण १.१ ग्रॅम. तो आरओ-डीआय पाण्यात पूर्ण विरघळवून, जोराच्या प्रवाहात, हळू ओता. प्रवाळाचा सांगाडा बनताना दर १ डीकेएचमागे कॅल्शियम सुमारे ७ पीपीएमने उतरतं, म्हणून कॅल्शियमही त्याच प्रमाणात भरावं लागतं. तयार टू-पार्ट द्रावणं (एक अल्कलिनिटीचं, एक कॅल्शियमचं) हेच काम करतात.

प्रवाळं मोजकी असतील तर डोसिंगची, म्हणजे हे क्षार रोज घालण्याची, गरजच पडत नाही. आठवड्याला १० टक्के पाणी बदलणं पुरतं. गरज नसताना डोसिंग पंप लावणं म्हणजे आकडे हलवायला एक यंत्र विकत आणणं.

सावध :
- खाण्याचा सोडा म्हणजे बेकिंग सोडा. बेकिंग पावडर नव्हे, त्यात आम्ल आणि स्टार्च असतं.
- कॅल्शियम आणि अल्कलिनिटीचे डोस एकामागोमाग एकाच जागी ओतू नका, गाळ होतो. मध्ये वेळ जाऊ द्या.
- उतरलेली अल्कलिनिटी दिवसाला अर्ध्या डीकेएचहून जास्त वाढवू नका.
- दोन्ही घालूनही आकडे टिकत नसतील तर मॅग्नेशियम मोजा. ते कमी असलं की कॅल्शियम कार्बोनेट पाण्यातच बसू लागतं.
- उडालेल्या पाण्याच्या जागी गोडंच पाणी घाला. मीठ उडत नाही.

टप्पा ८ : प्रवाळ निवडणं, आणणं, डिप करणं

दुकानात वरचं फुलणं बघून भुलू नका, मान बघा, म्हणजे मांस आणि सांगाडा जिथे मिळतात ती कड. तिथे पांढरा ताजा सांगाडा उघडा पडला असेल, मांसातून कंगोरे वर आलेले दिसत असतील किंवा तपकिरी चिकट पदार्थ असेल, तर सोडून द्या. त्याच पाण्यात दुसऱ्या हॅमरला तपकिरी सड दिसली, तर तिथून त्या दिवशी काहीच घेऊ नका.

फुललेलं प्रवाळ थेट पाण्याबाहेर उचलायचं नाही. पाण्याने भरलेलं मांस स्वतःच्या वजनाने सांगाड्याच्या धारदार कडांवर फाटतं. आधी हलकेच हात फिरवून मिटू द्या, मग खालचा सांगाडा धरून उचला.

घरी आल्यावर बंद पिशवी २० मिनिटं टाकीत तरंगत ठेवा. पिशवी उघडली की खारटपणा मोजा. फरक एक-दोन पीपीटीचा असेल तर तासभर थेंब थेंब पाणी सोडत बसण्यात अर्थ नाही. तेवढ्यात पिशवीतलं पाणी थंड होतं आणि खराबही. फरक जास्त असेल तरच हळूहळू जुळवा.

मग डिप, म्हणजे कीड काढणाऱ्या औषधाच्या पाण्यात प्रवाळ बुडवणं. टाकीचं पाणी घेतलेल्या वेगळ्या भांड्यात, बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात, लिहिलेल्या मिनिटांपुरतंच. पिचकारीने सगळीकडून हलके फवारे मारा आणि तळाला काय पडतं ते बघा: चपटे कृमी, लहान गोगलगायी, खेकडे. दुसऱ्या भांड्यात धुऊन घ्या. डिपचं पाणी टाकीत जाता कामा नये.

डिपने अंडी मरत नाहीत. म्हणून जुना प्लग (फ्रॅग ज्यावर चिकटवलेला असतो ती चकती) काढून फेका, सांगाड्याचा मांस नसलेला भाग खरवडा, एप्टेशिया (उपद्रवी लहान समुद्रफूल) दिसला तर तो तुकडाच तोडा. माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाच्या परजीवीचे कोशही अशाच कठीण पृष्ठभागावर चिकटून येतात आणि डिपला दाद देत नाहीत. जागा असेल तर नवं प्रवाळ मासे नसलेल्या टाकीत ७६ दिवस ठेवतात, तो त्यावरचा खात्रीचा उपाय. मुख्य टाकीत तांब्याचं औषध मात्र कधीच नाही.

टप्पा ९ : जागा देणं

एलपीएसला ८० ते १५० पार (प्रवाळातल्या शेवाळाला वापरता येणाऱ्या प्रकाशाचं माप) प्रकाश पुरतो, नव्या फ्रॅगला सुरुवातीला ५० ते १०० बस झाला. दिवा निम्म्यावर आणा, प्रवाळ खालच्या भागात ठेवा आणि आठवड्याला थोडा थोडा दिवा वाढवा. अंधाराने प्रवाळ हळूहळू बिघडतं, सुधारायला वेळ मिळतो. जास्त उजेडाने ते दोन-चार दिवसांत पांढरं पडतं.

प्रवाह बघायची खूण सोपी आहे. पॉलिप वाऱ्यावरच्या पिकासारखे सगळीकडे डोलायला हवेत. एकाच बाजूला सतत लोळत असतील तर प्रवाह थेट लागतो आहे आणि मांस सांगाड्यावर घासतं आहे. अजिबात हलत नसतील तर घाण साचते आणि सड तिथूनच लागते. दोन वेव्हमेकरांचा प्रवाह प्रवाळांकडे न रोखता समोरच्या काचेवर आदळू द्या.

अंतर ठेवा. दिवसा आटोपशीर दिसणारी प्रवाळं रात्री लांब डंखाचे शुंडक बाहेर काढतात आणि शेजाऱ्याला जाळतात. दोन जातींमध्ये १५ ते २० सेंटिमीटर, गॅलेक्सिया असेल तर ३०. हॅमर आणि फ्रॉगस्पॉन एकमेकांशेजारी बहुधा नांदतात. टॉर्च त्यांच्याशी नांदत नाही, त्याला वेगळा कट्टा द्या. वाढीची जागाही याच हिशेबात धरा.

चिकटवायला जेल सुपरग्लू आणि इपॉक्सी, फक्त सांगाड्याला.

तपासा : टाकीचे दिवे बंद झाल्यावर दोन तासांनी लाल उजेडात टाकी बघा. कोणाचे शुंडक कुठवर पोचतात ते तेव्हाच कळतं.

आता दोन आठवडे हात लावू नका. पहिले काही दिवस अर्धवट मिटलेलं राहणं नेहमीचं आहे. रोज जागा बदलणाऱ्यांची प्रवाळं रोज नव्याने सुरुवात करतात.

टप्पा १० : खाणं

आठवड्यातून एक-दोनदा, टाकीचे दिवे बंद झाल्यावर शुंडक बाहेर आले की. पंप बंद करा, मायसिससारखं बारीक खाद्य पिचकारीने हलकेच पॉलिपवर सोडा, पंधरा-वीस मिनिटांनी पंप सुरू. मोठा तुकडा दिला तर प्रवाळ गिळतं आणि दुसऱ्या दिवशी सडलेला बाहेर टाकतं. कोळंबी तोंडातून घास ओढून नेते आणि त्यात मांस फाटतं, म्हणून तिला आधी दुसऱ्या कोपऱ्यात खायला घाला.

टप्पा ११ : बिघडलं तर

आधी मोजा, मग हात लावा. क्रम असा: तापमान, खारटपणा, अल्कलिनिटी, मग नायट्रेट-फॉस्फेट, मग प्रवाह, मग रात्री बॅटरीच्या उजेडात कीड. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि तीन-चार दिवस थांबा. दिवा, प्रवाह आणि जागा एकाच दिवशी बदललीत तर कशाने बरं झालं किंवा कशाने मेलं, ते कळणार नाही.

याला एकच अपवाद, तपकिरी सड. पॉलिपवर तपकिरी जेलीसारखा थर दिसला तर त्याच तासाला हालचाल करा. पंप बंद करा, नाहीतर ती जेली उडून शेजारच्या डोक्यांवर बसते. नळीने जेली शोषून बाहेर काढा. प्रवाळ भांड्यात घ्या, सडलेली डोकी निरोगी मांसापासून अंतर राखून सांगाड्यातून कापा, उरलेली आयोडीनच्या डिपमध्ये बुडवा. नंतर ती मुख्य टाकीत न ठेवता वेगळ्या, हीटर आणि लहान पंप असलेल्या भांड्यात ठेवा. कापलेली कड भरून येऊन त्यावर मांस पुन्हा फुगू लागलं की परत आणा. तोवर नवं प्रवाळ घेऊ नका.